चतकोर कोलाच

दाराची उंची दोन मीटर वीस होती. वेलिसावने खिशातली टेप काढून ती पुन्हा एकदा मोजून दाखवली, जणू रात्रीतून चौकट खाली सरकली असावी.

"बघ. तू दोन आठ. बूट घातलेस की दोन दहा धर. वर दहा सेंटिमीटर मोकळे. या घरात तुझ्यासाठी आता एक तरी दार असं आहे, जिथे वाकायला नको."

ओग्न्येन दारातून आत गेला, आणि वाकलाच.

"अरे! वाकू नको म्हणतोय ना!"

"मान आपोआप जाते, बाबा."

"जाईल सवय. महिनाभर राहिलास की जाईल."

ओग्न्येन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. उजवा पाय त्याने जरा पुढे ठेवला होता. तिसऱ्या ऑपरेशननंतर तो तसाच उभा राहायचा. वेलिसाव मागून त्याच्याकडे बघत होता. मुलाच्या डोक्यामागे केस विरळ झालेली जागा त्याला आज पहिल्यांदा दिसली. एरवी ती जागा त्याच्या नजरेच्या फार वर असे. आता मुलगा काहीतरी बघायला खाली झुकला होता म्हणून दिसली.

तो अंगणातली बास्केटबॉलची रिंग बघत होता.

ती रिंग वेलिसावनेच बनवली होती. चाचाकच्या अवजारांच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं मापं तपासत होता. दुसऱ्याच्या हातून सुटलेली केसाएवढी चूकही त्याच्या हातून सुटत नसे. ओग्न्येन नऊ वर्षांचा असताना त्याने खांब रोवला, रिंग बरोबर तीन मीटर पाचवर बसवली आणि पुढच्या वर्षी अंगणात आठ सेंटिमीटर काँक्रीट ओतलं. रिंग तिथेच राहिली, जमीन वर आली. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तीन वर्षं मुलगा त्या रिंगवर खेळला, आणि क्लबात गेल्यावर त्याचा प्रत्येक फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागला. प्रशिक्षकाने विचारलं, घरी कुठे सराव करतोस? संध्याकाळी वेलिसाव टेप घेऊन अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

म्हणून वरच्या मजल्याची दारं त्याने फरशी घातल्यावरच मोजली. तीनदा.

हा मजला सोळा वर्षं नुसत्या विटांचा होता. ओग्न्येन पहिल्यांदा परदेशी गेला त्याच उन्हाळ्यात बांधायला घेतला आणि छतावर सळया वर काढलेल्या तशाच राहिल्या. दर वर्षी शेजारी विचारायचे, कधी पुरा करणार? वेलिसाव म्हणायचा, तो आला की. सप्टेंबरात पात्रासहून फोन आला. ओग्न्येन म्हणाला, "संपलं, बाबा. गुडघा गेला. क्लबाने सोडलं." त्या बोलण्यातून वेलिसावने एकच अर्थ काढला. दुसऱ्याच दिवशी त्याने प्लास्टरवाल्याला बोलावलं.

"सूनबाईला, रासाला उजेड लागतो, तू म्हणाला होतास," तो आता म्हणाला. "दक्षिणेकडची खोली तिला. नातीला, छोट्या उग्नेला ही. तिच्या शाळेचं मी विचारलंय. भाषा येईल तिला दोन महिन्यांत, मुलं काय पटापट शिकतात."

"बाबा, रासा…"

"आणि आज सणाचा पाव, कोलाच, कापताना मी सगळ्यांसमोर सांगणार आहे." वेलिसावने टेप गुंडाळून खिशात घातली. हे वाक्य त्याने आठवडाभर मनात जुळवलं होतं. "या वर्षापासून यजमान तू. माझी कंबर आता दिवसभर उभं राहू देत नाही. माझ्या बापाने मला सण दिला, मी तुला देतो. फादर तादियांना सांगून ठेवलंय."

खाली अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. वेलिसाव लगबगीने जिन्याकडे वळला. आज संत निकोलाचा दिवस, घराण्याच्या सणाचा. पहिला पाहुणा दाराशी आणि यजमान माडीवर, असं या घरात कधी झालं नव्हतं.

मुलगा काहीतरी म्हणायच्या बेतात होता, हे त्याला दिसलं होतं. आभार मानायचे असतील, असं त्याने धरलं.

*

ओग्न्येनची थोरली बहीण बोयाना स्वयंपाकघरात पहाटे पाचपासून उभी होती. निकोलाचा दिवस उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस नाही, दूध नाही, अंडं नाही; मासा तेवढा चालतो. आणि तरी चाळीस माणसं पोटभर जेवून गेली पाहिजेत. कार्प मासे तळून झाले होते, घेवड्याचं मोठं मातीचं भांडं भट्टीत होतं, लोण्याशिवायचा अक्रोडाचा केक आईने काल कापून ठेवला होता. बशीत शिजवून वाटलेले गोड गहू, वर साखरेचा क्रूस. आणि मधोमध कोलाच: गोल, जाड, वर पिठाच्या वेण्या, पाखरं आणि द्राक्षाचे घोस. ती पाखरं बोयानाने केली होती. सोळा वर्षं तीच करत होती.

ओग्न्येन मान वाकवून आत आला आणि दार लावून घेतलं.

"दार कशाला लावलंस? धूर कोंडेल."

"ताई, एक सांगायचंय."

"मासा चोरायचा असेल तर शेपटीकडचा घे."

"मी इथे राहायला आलेलो नाही."

बोयानाने झारा खाली ठेवला. एक्केचाळीस वर्षांची, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी बाई. वाईट बातमी तिला आकड्यांत वाचायची सवय होती. तिने आधी आईकडे पाहिलं. दोब्रिला टेबलापाशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती, आणि तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं, आई?"

"रासाचा फोन आला होता," दोब्रिला म्हणाली. "मागच्या रविवारी."

"आणि तू गप्प?"

"त्याने सांगायचं ते मी कसं सांगू?"

ओग्न्येन फ्रीजला टेकून उभा राहिला. तरीही त्याचं डोकं दिव्याला लागत होतं. "रासाच्या माहेरच्या, कौनासच्या क्लबाने मला सोळा वर्षांखालच्या मुलांचा संघ शिकवायला दिलाय. जानेवारीपासून. रासा आणि उग्ने आत्ता तिथेच आहेत, उग्नेची शाळाही तिथेच. रासाचे आईवडील तिथे आहेत. मी इतकी वर्षं त्या दोघींना माझ्यामागे शहरं बदलायला लावली, ताई. आता माझी पाळी."

"बरोबर आहे तुझं." बोयानाने ॲप्रनला हात पुसले. आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला, आणि त्यामुळे तो जास्त टोकदार झाला. "सगळं बरोबर आहे. फक्त वर प्लास्टर ओलं आहे, स्टार. तो माणूस कंबरेत पट्टा बांधून तीन महिने मजुरांच्या मागे उभा होता. संध्याकाळी मी मलम चोळायचे. तेव्हा फोनवर तुला एक वाक्य बोलता आलं नाही?"

"प्रत्येक फोनवर बोलणार होतो. तेच खिडक्यांचं बोलायला लागायचे."

"मग तू म्हणायचंस, बाबा, खिडक्या थांबवा."

"तू म्हणाली असतीस?"

बोयानाने भट्टीचं दार उघडून घेवडा पाहिला. बारा वर्षांपूर्वी नोव्ही सादच्या मोठ्या प्रयोगशाळेचं नोकरीचं पत्र तिला आलं होतं. ते तिने बाबांना कधीच दाखवलं नव्हतं. तेही अशाच एका वाक्याच्या भीतीने. हे या लांब्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आईला मात्र माहीत होतं. दोब्रिलाने हातातला रुमाल खाली ठेवला.

"भांडू नका," ती म्हणाली. "तो आज सगळ्यांसमोर तुला यजमान करणार आहे. फादरांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं की मग नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. फादर बाराला येतात. अजून पाऊण तास आहे. जा, बाजूला घे आणि सांग. मी येऊ बरोबर?"

"नको, आई."

"येतेच मी," बोयाना म्हणाली.

"तू कशाला?"

"तू परत खिडक्यांवर बोलायला लागशील म्हणून."

ती दोघं बाहेर निघाली, तोच दारावर घंटी वाजली आणि पाठोपाठ वेलिसावचा आवाज आला, "या, या फादर! आज लवकर?"

*

फादर तादिया लवकर आले होते, कारण आधीच्या घरची म्हातारी इस्पितळात होती आणि दार बंद होतं. त्यांच्या दाढीला थंडीची ओल होती. निकोलाच्या दिवशी चाचाकमध्ये दर तिसऱ्या घरात सण असतो. त्यांची ही सातवी पायरी होती आणि अकरा बाकी होत्या.

ओग्न्येनला त्यांनी खालून वर पाहिलं. "तुला आशीर्वाद द्यायला मला खुर्ची लागेल, बाळा."

"गुडघ्यावर बसवा त्याला," मिलादिन काका म्हणाला. तो वेलिसावचा धाकटा भाऊ, पहिला आलेला पाहुणा, आणि राकियाच्या दारूचा दुसरा पेला त्याच्या हातात होता.

"गुडघाच तर गेलाय त्याचा!" वेलिसाव म्हणाला.

सगळे हसले. ओग्न्येनही हसला. बाबा त्याच्या शेजारी उभे होते, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, एक हात खुर्चीच्या पाठीवर. सणाच्या दिवशी यजमान बसत नाही. सकाळपासून ते टेकलेही नव्हते, आणि खुर्चीवरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. ओग्न्येन इतकी वर्षं इतक्या मोठ्या आवाजांत खेळला होता. आठ हजार माणसं शिव्या देत असताना फ्री थ्रो मारताना त्याचा श्वास कधी अडला नव्हता. आत्ता अडला.

"बाबा, दोन मिनिटं बाहेर येता?"

"आता? फादर उभे आहेत!"

ताईने त्याच्या पाठीत बोट खुपसलं. पण फादरांनी गळ्यात प्रार्थनेचा पट्टा घातला होता, मेणबत्ती पेटली होती, आईने कोलाच टेबलावर आणून ठेवला होता. भिंतीवरच्या तसबिरीतून संत निकोला सगळ्यांकडे सारख्याच नजरेने बघत होता.

"यजमानाचं नाव?" फादरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पण विचारायची रीत असते.

वेलिसाव ताठ उभा राहिला. "या वर्षापासून…"

"फादर, थांबा जरा," ओग्न्येन म्हणाला.

मिलादिन काकाचा पेला हवेत राहिला.

"थांबतो," फादर म्हणाले. "पण अकरा घरं आहेत, आणि प्रत्येक घरी मासा."

"बाबा, माझं नाव सांगू नका. मी यजमान होऊ शकत नाही. मी इथे नसेन." तो एका दमात बोलला, थांबलो तर खिडक्या येतील या भीतीने. "आम्ही कौनासला राहणार. मला तिथे मुलांना शिकवायचं काम मिळालंय. मी फोनवरच सांगायला हवं होतं. चुकलो."

वेलिसावने मान हळूहळू वर केली, छताकडे, जिथे वरची नवी फरशी होती.

"कौनास," तो म्हणाला.

"शाबास!" मिलादिन काकाने पेला आपटला. "एकुलता एक मुलगा, सोळा वर्षं एकदाही सणाला घरी नाही, आणि आला तो असा! तिकडे बर्फात बसून तुला संत निकोला आठवला तरी असेल का रे?"

"आठवायचा, काका."

"हो, हो. मॅच असायची ना."

"मॅच असायची. तरी आठवायचा." ओग्न्येन काकांना उत्तर देत होता, पण बघत होता बाबांकडे. "थेस्सालोनिकीत पहिलं वर्ष होतं. मी एकवीसचा. सकाळी चर्चमधून मेणबत्ती आणली, बेकरीतून गोल पाव. खोलीत टेबलावर ठेवला. संध्याकाळी मॅच."

"एक्याऐंशी-चौऱ्याहत्तर," वेलिसाव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून छताकडेच बघत होता.

"तू नऊ मिनिटं खेळलास," तो म्हणाला. "चार पॉइंट. दुसऱ्या वर्षी एकोणीस तारखेला मॅच नव्हती, प्रवास होता."

"त्रेव्हिझो," ओग्न्येन सावकाश म्हणाला. "बसमध्ये. मेणबत्ती लावू देईनात, म्हणून गाडी पेट्रोल भरायला थांबली तेव्हा खाली उतरून लावली. वाऱ्याने तीनदा विझली."

"पेट्रोल पंपावर?" दोब्रिला ओरडली. "अरे देवा!"

"पंपापासून लांब, आई. पार्किंगमध्ये."

"व्हितोरिया," वेलिसाव म्हणाला. आता तोच पुढे निघाला होता. "एकोणसत्तर-एकाहत्तर. तीन सेकंद बाकी. दोन फ्री थ्रो."

"पहिला घातला."

"दुसरा मागच्या कडेला लागला. लांब गेला. तुझा चुकला तर नेहमी जवळ पडतो, तो लांब गेला. मी म्हटलं, आज याच्या हाताला काहीतरी झालंय."

"बोट भाजलं होतं. मेणबत्तीने. काचेच्या ग्लासात लावली होती, ग्लास तडकला." ओग्न्येन हसला, पण ते हसू अर्धंच आलं. "प्रशिक्षकाला सांगितलं, चहा सांडला."

मिलादिन काका काहीतरी म्हणणार होता. बोयानाने त्याच्या ताटलीत माशाचा मोठा तुकडा ठेवला, आणि तो गप्प झाला.

"इझमीर," वेलिसाव म्हणाला.

"बाल्कनीत लावली. शेजारीण म्हणाली, वीज गेलीय का?"

"साथीच्या वर्षी?"

"पोदगोरित्साच्या हॉटेलात. दहा दिवस दाराबाहेर जायचं नव्हतं. पाव स्वागतिकेने दाराशी ठेवला. मेणबत्ती नव्हती. फोनवर मेणबत्तीचा फोटो लावून ठेवला."

फादर तादियांनी दाढीआड हसू लपवलं. "तेही चालतं," ते म्हणाले. "त्या वर्षी बरंच काही चाललं."

वेलिसावने खुर्चीवरचा हात काढला आणि मुलाकडे वळला. "आणि कापायचास कसा? एकटा? कोलाच एकट्याने कापता येत नाही. समोरून कुणाला तरी धरावा लागतो."

"कापला नाही कधी."

"म्हणजे?"

"मला हक्क नव्हता ना, बाबा. तुम्ही चतकोर दिला नव्हता."

ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. सांगायची गरज नव्हती. मुलगा वेगळं घर मांडतो तेव्हा बाप आपल्या सणाच्या कोलाचचा चतकोर त्याच्या हातात देतो. तो चतकोर उंबऱ्याबाहेर गेला की मुलाच्या घरीही संत येतो, आणि मग मुलगा आपल्या टेबलावर आपला कोलाच कापतो. दिल्याशिवाय कुणी घेत नाही. मागायचीही रीत नाही.

"सोळा वर्षं पाव तसाच ठेवायचो," ओग्न्येन म्हणाला. "अख्खा. दुसऱ्या दिवशी कबुतरांना घालायचो. उग्ने विचारायची, आपण हा पाव का खात नाही? काय सांगणार? मला वाटायचं, तुम्हाला राग आहे. गेलो म्हणून. मी त्या लायकीचा नाही असं तुम्हाला वाटतं."

वेलिसाव त्याच्याकडे बघत राहिला. ओग्न्येनला बापाच्या चेहऱ्यावर तेच भाव दिसले जे त्याने एकदाच पाहिले होते, बारा वर्षांचा असताना, खिडकीतून: हातात टेप, समोर रिंग, आणि आठ सेंटिमीटर.

"लायकीचा," वेलिसाव म्हणाला. "अरे, चतकोर दिला असता, तर तू गेलास असं झालं असतं. जोवर दिला नव्हता, तोवर तू प्रवासात होतास. नुसता प्रवासात. मॅच संपली की येणार." त्याने नाक पुसलं, रुमालाने नाही, पांढऱ्या शर्टाच्या बाहीने. "मला कसं सुचलं नाही, की तू तिकडे अख्खा पाव समोर ठेवून बसला असशील."

स्वयंपाकघरात घेवडा भट्टीत रटरटत होता.

"वेलिसाव," फादर तादिया म्हणाले. या वेळी त्यांनी प्रार्थनेचा आवाज लावला नाही. "नाव सांगतोस ना?"

"वेलिसाव," तो म्हणाला. "अजून एक वर्ष. लिहा."

प्रार्थना झाली. फादरांनी कोलाच उलटा धरून तळावर सुरीने क्रूस कापला आणि त्या चिरेत लाल वाइन ओतली. मग सगळ्यांनी कडेला हात लावून तो गोल फिरवला. मिलादिन काकाने स्तोत्र सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, आणि चुकीच्या सुरात. ओग्न्येनचे हात टेबलाच्या पलीकडून सहज पोचत होते. शेजारी ताईचे हात होते, नखांत कणीक. त्याच्या लक्षात आलं, पाखरं तिच्या बाजूला होती आणि ती त्यांना धक्का लागणार नाही असं धरत होती.

वेलिसाव आणि फादरांनी कोलाच मोडला. दोन भाग झाले, मग चार. फादरांनी एक चतकोर आपल्यासाठी घ्यायला हात पुढे केला, तोही रिवाजच. वेलिसावने त्यांना तो दिला. दुसरा त्याने उचलला. दोब्रिलाने घडी घातलेला पांढरा रुमाल पुढे केला. तो तिने सकाळपासून बाजूला ठेवला होता, हे ओग्न्येनला आत्ता कळलं.

वेलिसावने चतकोर रुमालात बांधला. दोन गाठी मारल्या, परत एक सोडून नीट मारली.

"विमानात हातात घे. सामानात टाकू नकोस, चुरा होईल."

"हो, बाबा."

"तिथे आपलं चर्च आहे?"

"आहे. रशियन लोकांचं. तारीखही तीच."

"मग पुढच्या वर्षी कोलाच कर. रासाला जमेल?"

"मी शिकवेन तिला," बोयाना म्हणाली. "फोनवर. पाखरं जमायला वेळ लागतो, म्हणावं. माझी पहिली तीन वर्षं बेडकासारखी होती."

"अजूनही आहेत," मिलादिन काका म्हणाला.

ओग्न्येनने गाठोडं दोन्ही हातांत धरलं. एवढ्याशा वजनासाठी दोन हात. "बाबा, पुढच्या निकोलाला तुम्ही आणि आई कौनासला या. मी तिकिटं…"

"सणाला आमंत्रण?" मिलादिन काका खुर्चीत मागे रेलून हसू लागला. "फादर, ऐकलंत? परदेशात राहून पोरगं बिघडलं! सणाला कुणी बोलावतं का? ज्याला माहीत असतं तो येतो!"

"बरोबर," वेलिसाव म्हणाला. "बोलवायचं नाही." त्याने मुलाच्या खांद्यापर्यंत हात नेला, तिथवर पोचेना तेव्हा कोपरावर ठेवला. "तारीख मला माहीत आहे. मी येईन. किती थंडी असते तिथे डिसेंबरात?"

"उणे दहा. कधी पंधरा."

"मोजे जाड लागतील," दोब्रिला म्हणाली.

बोयाना हातात सुरी घेऊन तशीच उभी होती. बाबांनी काय म्हटलं ते तिच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती ते आतल्या आत पुन्हा वाचत होती, जसा प्रयोगशाळेत एखादा आकडा दोनदा वाचतात.

"तुम्ही एकोणीस डिसेंबरला कौनासला," ती म्हणाली. "मग इथे?"

"इथे काय?"

"इथे दार कोण उघडणार?"

वेलिसावने तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे, पाखरांकडे, तळलेल्या माशांच्या रांगांकडे, तिच्या नखांतल्या कणकेकडे.

"मिलादिन," तो म्हणाला, "तू आता म्हणशील, बाईच्या हातात सण कसा द्यायचा."

"मी काही म्हणालो नाही!"

"मागच्या गल्लीत तीन घरी बायाच धरतात," फादर तादिया दाराकडे निघत म्हणाले. "मी दर वर्षी कापतो. त्यांचे कोलाच भाजलेलेही असतात नीट."

घंटी वाजली. दुपारचे पाहुणे यायला लागले होते. वेलिसाव सवयीने दाराकडे वळला, दोन पावलं गेला, आणि थांबला.

"बोयाना," तो म्हणाला. "तू जा."

तिने सुरी ठेवली, ॲप्रन सोडला, परत बांधला, शेवटी काढूनच टाकला. बाहेर समोरच्या बिल्डिंगमधले माक्सिमोविच नवराबायको उभे होते, हातात वाइनची बाटली आणि संत्र्यांची पिशवी. माक्सिमोविचने टोपी काढली आणि तिच्या मागे आत डोकावून वेलिसावला शोधलं.

"सण सुखाचा होवो," तो म्हणाला. "यजमान कुठेत?"

"तुमच्या समोर," बोयाना म्हणाली. "या, आत या. गार वारा येतोय."